एका हाताने सांगितलेले पत्र : काँग्रेस ग्रंथालयाच्या ध्वनिमुद्रण मंडळास खुले पत्र

प्रति,
राष्ट्रीय ध्वनिमुद्रण जतन मंडळ,
काँग्रेस ग्रंथालय, वॉशिंग्टन डी. सी.

विषय : बिल विदर्स यांची ‘लाइव्ह ॲट कार्नेगी हॉल’ (१९७३) ही ध्वनिमुद्रिका, तिच्यातील ‘आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड’ या गाण्यासाठी, राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत समाविष्ट करण्याबाबत.

माननीय सदस्यांनो,
स. न. वि. वि.

२०२४ साली आपण अमेरिकी गायक-गीतकार बिल विदर्स यांचे ‘एन्ट नो सनशाइन’ हे गाणे जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय सूचीत घेतले, त्याबद्दल आधी आभार मानतो. विदर्स ३० मार्च २०२० रोजी गेले, त्यामुळे हा सन्मान त्यांना पाहता आला नाही. तरी निवड अगदी योग्य होती आणि तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला भीती आहे ती वेगळीच. एखाद्या गायकाचे सर्वांत प्रसिद्ध गाणे एकदा सूचीत गेले की त्याचे देणे फिटले असे सगळ्यांनाच वाटू लागते, आणि मग त्याने केलेले अधिक अवघड काम कायमचे मागे राहते. विदर्स यांच्या बाबतीत तसे होऊ नये म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपल्या नियमांनुसार कोणत्याही सामान्य श्रोत्याला शिफारस करता येते. त्याप्रमाणे इंग्रजी शिफारस मी स्वतंत्रपणे पाठवीत आहे. हे पत्र मात्र मराठीत आणि खुले लिहिले आहे, कारण विदर्स यांना दोन-तीन प्रेमगीतांपलीकडे न ओळखणारे श्रोते मराठीतही पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी काहींनी हे गाणे ऐकून आपल्याकडे शिफारस करावी अशी माझी इच्छा आहे.

ध्वनिमुद्रण ६ ऑक्टोबर १९७२ च्या रात्रीचे, व्हिएतनाम युद्ध चालू असतानाचे, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील कार्यक्रमाचे आहे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात विदर्स यांचे ‘लीन ऑन मी’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते, आणि सभागृहातील बहुतेक लोक अर्थातच ते ऐकायला आलेले असणार. साथीला ड्रमवर जेम्स गॅडसन, बेसवर मेल्विन डनलॅप, गिटारवर बेनॉर्स ब्लॅकमन, तालवाद्यांवर बॉबी हॉल आणि पियानोवर रे जॅक्सन होते. हे गाणे जॅक्सन आणि विदर्स यांनी मिळून रचले आहे. पियानो संथपणे सुरू होतो, एखाद्या लहान गावातल्या चर्चमध्ये प्रार्थनेआधी वाजवावा तसा, आणि त्यावर विदर्स बराच वेळ गात नाहीत, बोलतात.

ते जे बोलतात त्याचा आशय असा. युद्धावर, सरकारवर गाणी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला मात्र आठवण होते ती मी तरुणपणी जसा होतो तशा पोरांची. सरकार म्हणजे काय, राजकारण म्हणजे काय याचा त्यांना पत्ता नसतो. ती कायदा पाळणारी असतात, त्यामुळे कोणी जा म्हटले की काही न विचारता जातात. मग ते सांगतात की नुकताच युद्धावरून परतलेला, उजवा हात गमावलेला एक तरुण त्यांना भेटला. कसा आहेस असे विचारल्यावर तो म्हणाला, आता बरा आहे, पण मरणार असेच वाटले होते. आपल्यावर गोळ्या झाडल्या जातात याचे फारसे काही वाटले नव्हते, गोळी लागली तेव्हा मात्र हादरलो. त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, एवढे सांगून विदर्स गाऊ लागतात.

गाणे म्हणजे त्या जखमी सैनिकाने दुसऱ्या कोणाला तरी केलेली विनंती आहे. मला डाव्या हाताने लिहिता येत नाही, माझ्या आईला एक पत्र लिहून द्याल का, असे तो विचारतो. मजकूर काय, तर आईने घरच्या वकिलाला गाठावे आणि धाकट्या भावाला लष्करभरतीतून सूट मिळते का ते पाहावे. त्यानंतर रेव्हरंड हॅरिस यांना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगावे, कारण आपण फार जगू असे वाटत नाही. गोळी कशी लागली ते यानंतर येते, आणि तेही दोन-तीन ओळींत. या क्रमाकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. वेदना, भीती, आईची आठवण असे काहीही आधी येत नाही. आधी येते ते वकिलाचे काम. घराबाहेर पडलेला थोरला मुलगा पत्रात पहिल्यांदा व्यवहाराचेच लिहितो, ही गोष्ट ज्याने अशी पत्रे वाचली आहेत त्याला नव्याने सांगावी लागणार नाही. आणखी एक बारकावा असा की हात गेल्याची गोष्ट फक्त बोललेल्या प्रस्तावनेत आहे. गाण्यातला सैनिक केवळ खांद्यात गोळी लागल्याचे आणि डाव्या हाताने लिहिता येत नसल्याचे सांगतो. मधली भयंकर गोष्ट श्रोत्याने स्वतः जोडायची असते. म्हणूनच प्रस्तावना आणि गाणे वेगळे करता येत नाहीत. काही ठिकाणी हे गाणे त्या बोलण्याशिवाय वाजवले जाते, तेव्हा त्याचा अर्धा जीव गेलेला असतो.

व्हिएतनाम युद्धाच्या काळातील सोल संगीतात, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी गायकांच्या लोकप्रिय संगीतात, युद्धविरोधी गाण्यांना तोटा नव्हता. एडविन स्टार यांचे ‘वॉर’ १९७० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्यात युद्ध कशाच्या उपयोगाचे असा प्रश्न ओरडून विचारला आहे आणि उत्तरही तितक्याच जोराने दिले आहे. मार्विन गे यांची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ही १९७१ ची ध्वनिमुद्रिका आपल्या सूचीत २००३ पासून आहे; व्हिएतनामहून परतलेल्या त्यांच्या भावाच्या, फ्रँकी यांच्या, अनुभवांची तिच्यावर गडद छाया आहे. ही गाणी थोर आहेत. पण ती ज्याला उद्देशून म्हटली आहेत तो श्रोता एक तर समाज आहे किंवा सत्ता आहे, आणि गाणाऱ्याला युद्ध का चुकीचे हे ठाऊक आहे. विदर्स यांच्या सैनिकाला ते ठाऊक नाही. त्याला युद्धाबद्दल काही मतच नाही. युद्ध थांबवा असे तो एकदाही म्हणत नाही. त्याला फक्त आपला भाऊ तिथे यायला नको आहे. माझ्या मते त्या पिढीच्या सर्व गाण्यांत युद्धाविरुद्ध याहून जड साक्ष सापडणार नाही, कारण ही साक्ष देणारा माणूस कोणत्याच बाजूचा नाही. निदर्शनांत कधी न गेलेला, झेंड्याचा अपमान कधी न केलेला, बोलावल्यावर निमूट गेलेला असा तो मुलगा आहे, आणि त्याचीही पहिली धडपड भावाला वाचवण्याची आहे.

विदर्स यांना हे असे लिहिता आले त्याचे कारण त्यांच्या आयुष्यात आहे. त्यांचा जन्म ४ जुलै १९३८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील स्लॅब फोर्क या कोळसा खाणींच्या गावी झाला. सहा भावंडांत ते सर्वांत धाकटे होते, आणि तेरा वर्षांचे असताना वडील गेले. लहानपणापासून ते बोलताना अडखळत. खाणीत उतरायचे नसेल तर अशा गावातल्या मुलापुढे फार वाटा नसतात. विदर्स विशीच्या आतच नौदलात दाखल झाले आणि नऊ वर्षे तिथे राहिले. नौदल सोडून पुढे लॉस एंजेलिसला आल्यावर विमानांतील स्वच्छतागृहांची आसने बनवण्याच्या कारखान्यात काम करत करतच त्यांनी पहिली ध्वनिमुद्रिका केली, आणि १९७१ मध्ये ती आली तेव्हा मुखपृष्ठावर ते हातात जेवणाचा डबा घेऊन उभे होते. तरुणपणी मीही तसाच होतो हे वाक्य त्यांनी रंगमंचासाठी बेतलेले नाही. एकेकाळी दोन शब्द सरळ बोलणे ज्याला जड जात होते तो माणूस कार्नेगी हॉलमध्ये शांतपणे, थांबत थांबत एवढे बोलतो, याचेही मला प्रत्येक वेळी नवल वाटते. पण ते असो.

वेस्ट व्हर्जिनियाचा उल्लेख मी मुद्दाम केला. व्हिएतनाममध्ये लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक माणसे गमावलेल्या राज्यांत या गरीब, खाणकामगारांच्या राज्याची गणना होते. कोण जाणार आणि कोण घरी राहणार हे तेव्हा बऱ्याच अंशी घरच्या परिस्थितीवर ठरत होते. कॉलेजात शिकणाऱ्याला कित्येक वर्षे भरतीतून सूट मिळत होती. ओळखीचा डॉक्टर, जाणकार वकील, राखीव दलात शिरकाव अशा वाटा शिकलेल्या आणि पैसेवाल्या घरांना माहीत होत्या. १ डिसेंबर १९६९ पासून भरतीसाठी जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढण्याची पद्धत आली, तरी सवलतींमधला भेदभाव लगेच संपला नाही. दुसरीकडे, १९६६ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी ‘प्रोजेक्ट १,००,०००’ सुरू करून लेखी परीक्षेत एरवी नापास ठरली असती अशी साडेतीन लाख मुले लष्करात घेतली, आणि त्यांतली सुमारे ४० टक्के कृष्णवर्णीय होती. हे सारे ध्यानात ठेवून वकिलाची ती ओळ ऐकावी. आपल्या घरचा म्हणून एखादा वकील आहे आणि तो काहीतरी करू शकेल, ही त्या जखमी मुलाची आशा किती खरी होती हे गाणे सांगत नाही. सांगायची गरजही नाही. सूट म्हणून काही असते हे त्याला आता कळले आहे, आणि ते कळेपर्यंत त्याचा हात गेला आहे.

पुढच्या कडव्यात तो प्रशिक्षण छावणीची आठवण काढतो. तिथे रोज लढाईचे वर्ग भरत, रोज लढण्याच्या गोष्टी होत, आणि तेव्हा ते सगळे रोमांचक वाटले होते हे तो कबूल करतो. शिकवणाऱ्यांनी एवढे मात्र सांगितले नाही की गोळी आपल्याकडून पलीकडे जाताना दिसते ते वेगळे आणि आपल्याकडे येताना दिसते ते वेगळे. या ओळीवर हसू येते, आणि विदर्स यांना ते यायला हवेच आहे. हातपाय गमावलेली माणसे रुग्णालयात असाच विनोद करतात. संतापाने लिहिणारा कवी तो करू धजला नसता.

मग तो ज्याने गोळी झाडली त्या माणसाकडे वळतो. कोणी एक अनोळखी, ठेंगणा माणूस. मी त्याला कधी पाहिले नव्हते, त्याचे कधी काही वाईट केले नव्हते, आणि त्याने माझ्या खांद्यात गोळी घातली. आजच्या कानांना त्या वर्णनात एक परकेपणाची, किंचित तुच्छतेचीही छटा जाणवेल, आणि तशी ती जाणवली तर मी वाद घालणार नाही. मात्र त्या ओळीच्या मधोमध तो सैनिक त्या माणसासाठी, देव त्याचे भले करो, असेही सहज म्हणून जातो. अमेरिकेच्या दक्षिणेत हे शब्द कधी मायेने वापरतात, कधी उपरोधाने. विदर्स यांच्या आवाजात मला उपरोध ऐकू येत नाही. प्रशिक्षणाने त्याला द्वेष शिकवला असेल तर तो टिकलेला नाही. व्हिएतनाममध्ये ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले आणि व्हिएतनामी माणसे कित्येक लाखांनी मेली. हा दुसरा आकडा अमेरिकी गाण्यांत क्वचितच कुठे जाणवतो. इथे तो निदान एका चेहऱ्याएवढा, एका माणसाएवढा आहे.

आता ध्वनिमुद्रणाविषयी, कारण आपला निकष मुळात ध्वनिमुद्रणाचा आहे. विदर्स यांच्या आवाजातील या गाण्याची स्टुडिओतली आवृत्ती प्रसिद्ध झालेली नाही; आहे ती हीच, श्रोत्यांसमोरची. आणि तिच्यात दोन काळ एकत्र आले आहेत. प्रस्तावनेच्या आरंभी विदर्स सांगतात की हे गाणे ६ ऑक्टोबरला मुद्रित केले आणि तेव्हापासून युद्ध संपल्याचे जाहीर झाले आहे. म्हणजे हे शब्द त्या रात्रीचे असू शकत नाहीत. ते नंतर जोडलेले आहेत. मधल्या काळात काय काय झाले ते पाहावे. २६ ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकेच्या वतीने वाटाघाटी करणारे हेन्री किसिंजर यांनी शांतता हाताशी आली असल्याचे सांगितले, डिसेंबरात उत्तर व्हिएतनाममधील हनोई आणि हायफाँगवर प्रचंड बाँबवर्षाव झाला, २७ जानेवारी १९७३ रोजी पॅरिसमध्ये करारावर सह्या झाल्या, आणि त्याच दिवशी अमेरिकेतील सक्तीची भरती थांबवल्याची घोषणाही झाली. ज्या भावासाठी गाण्यात पत्र लिहिले जाते त्याला सूट मागण्याची गरजच, ही तबकडी बाजारात आली तेव्हा, उरली नव्हती. विदर्स यांनी तरीही गाणे तबकडीत ठेवले, आणि वर असे बोलून ठेवले की हे युद्धही इतर कोणत्याही युद्धासारखेच आठवेल, एक लांबलचक कटकट म्हणून. त्या बोलण्यात विजयाचा, सुटकेचा मागमूस नाही. ते बरोबरही होते, कारण लढाई प्रत्यक्षात ३० एप्रिल १९७५ पर्यंत चालूच राहिली. नंतर जोडलेले शब्द असल्यामुळे हे मुद्रण अस्सल मानू नये असा आक्षेप तांत्रिक दृष्टीने कोणी घेईल. माझे म्हणणे उलट आहे : युद्ध चालू असताना गायलेले आणि ते संपल्याची घोषणा झाल्यावर त्याच गायकाने त्यावर भाष्य केलेले असे मुद्रण दुर्मीळ आहे, आणि ही जोडच त्याचे ऐतिहासिक मोल वाढवते.

हे गाणे मागे का पडले याचे उत्तर याच तारखांत आहे. ते स्वतंत्र तबकडी म्हणून निघाले नाही, त्यामुळे रेडिओच्या वाट्याला गेले नाही. ध्वनिमुद्रिका आली तेव्हा देशाला युद्ध विसरायचे होते. तिची प्रकाशक संस्था ससेक्स रेकॉर्ड्स १९७५ मध्ये बंद पडली. खुद्द विदर्स यांनी १९८५ नंतर नवी ध्वनिमुद्रिका केली नाही, आणि स्वतःच्या जुन्या कामाची जाहिरात करत फिरण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. २०१० मध्ये गायक जॉन लेजंड आणि द रूट्स हा वादकसंच यांनी हे गाणे पुन्हा गायले, तेव्हा इराक आणि अफगाणिस्तानातून परतणाऱ्यांमुळे नव्या पिढीला ते अचानक आपले वाटले. ते गायन उत्तमच आहे. त्यातले गिटारवादन मला थोडे अधिक वाटते, हा आवडीनिवडीचा भाग झाला. पण त्यामुळे मूळ मुद्रणाची गरज कमी होत नाही.

एकाच कलावंताची दुसरी नोंद कशाला, असे आपल्यापैकी कोणी विचारेल. जॅझचे थोर वादक-गायक लुई आर्मस्ट्राँग यांच्या एकाहून अधिक नोंदी आपल्या सूचीत आहेत आणि त्या असायलाच हव्यात. विदर्स यांच्या प्रेमगीताने आणि या गाण्याने दोन वेगळ्या गोष्टी जपल्या आहेत. एकीवरून दुसरीचा अंदाज येत नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आपल्याच ग्रंथालयाचा आहे. २००० साली अमेरिकी काँग्रेसने दोन कायदे केले. एकाने आपले मंडळ आणि ही सूची अस्तित्वात आली. दुसऱ्याने ‘व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट’ सुरू झाला, ज्यात माजी सैनिकांच्या तोंडी हकिगती, पत्रे आणि छायाचित्रे त्याच ग्रंथालयात गोळा केली जातात. सैनिकाने दुसऱ्याकडून लिहवून घेतलेल्या पत्राचे हे गाणे त्या दोन्ही दालनांच्या मधल्या भिंतीवर उभे आहे. लिहिणारा दुसराच असल्यामुळे पत्रात काय येते आणि काय येत नाही, हा अभ्यासकांचा जुना विषय आहे, आणि त्याला आमच्याकडेही आधार आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या रुग्णालयांत पडलेले भारतीय शिपाई लेखनिकाकडून घरी पत्रे लिहवून घेत. त्या पत्रांचे सेन्सॉर अधिकाऱ्यांनी करवून घेतलेले इंग्रजी उतारे ब्रिटिश लायब्ररीत आजही वाचायला मिळतात. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. अशा गावांत आलेली पत्रेही पुष्कळदा दुसऱ्यानेच लिहिलेली आणि तिसऱ्यानेच वाचून दाखवलेली असत. विदर्स यांच्या गाण्यात तो लिहून देणारा माणूस कोण हे सांगितलेले नाही. तो एक शब्दही बोलत नाही. ऐकणाराच त्याच्या जागी बसतो.

म्हणून माझ्या विनंत्या नेमक्या अशा आहेत. एक, ‘लाइव्ह ॲट कार्नेगी हॉल’ ही ध्वनिमुद्रिका संपूर्ण सूचीत घ्यावी. गाणे सुटे काढून घेतल्यास निदान त्याची बोललेली प्रस्तावना त्याच्याबरोबर अखंड राहील अशी नोंद करावी. दोन, सूचीतील नोंदींसाठी आपण संकेतस्थळावर जे निबंध प्रसिद्ध करता, त्यात या ध्वनिमुद्रिकेवरील निबंध संगीत समीक्षकाबरोबर व्हिएतनाम युद्धातील एखाद्या माजी सैनिकानेही लिहावा. तीन, ‘व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट’मधील हात गमावलेल्या किंवा दुसऱ्याकडून पत्रे लिहवून घेतलेल्या सैनिकांच्या हकिगतींचा निर्देश त्या नोंदीत द्यावा, म्हणजे गाणे ऐकणाऱ्याला तिथपर्यंत जाता येईल. आणि त्या रात्री साथ करणाऱ्या वादकांपैकी जे हयात असतील त्यांच्याकडून, प्रस्तावना नेमकी केव्हा आणि कुठे बोलली गेली याची माहिती मंडळाने वेळीच नोंदवून घ्यावी. ६ ऑक्टोबर १९७२ ला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली आहेत, त्यामुळे या शेवटच्या कामासाठी पुढील वर्षाच्या निवडीची वाट पाहू नये.

कळावे,
आपला नम्र,
एक मराठी श्रोता